मदत मागायचं बटण

पडदा वर जातो आणि समोर एक लांबट खोली दिसते. तिला तीन खिडक्या आहेत. त्यांतल्या दोन पुठ्ठे लावून बंद केलेल्या, कारण ऊन आत आलं की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. आठ टेबलं, आठ खुर्च्या, त्यांतली एक कायम डावीकडे कललेली. भिंतीवर कापडावर छापलेला भलामोठा नकाशा, त्यात रंगीत टाचण्या. उजवीकडे मालकांची काचेची केबिन. कडी मोडल्यापासून तिचं दार उघडंच असतं. आत मालक काय बोलतात ते सगळ्यांना ऐकू येतं, आणि ऐकू येत नसल्याचा अभिनय सगळे फार सुंदर करतात. वेळ सकाळी सव्वादहाची. जी एक खिडकी उघडी आहे तिच्यापाशी बिस्किटांचा डबा घेऊन उभे असलेले गृहस्थ, ते आपले नायक.

नायक म्हटल्यावर फार अपेक्षा ठेवू नका. वय सेहेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याचा राग निम्मा उतरावा. रंगभूमीवर असते तर राजदूताच्या भूमिकेसाठी दुसरा माणूस शोधावा लागला नसता. आणि काम तेच होतं की त्यांचं!

त्या खोलीत इतिहासावरचा एक मोठा खेळ तयार होत असे, कॉम्प्युटरवर खेळायचा. खेळणाऱ्यानं एक राज्य निवडायचं आणि तीनशे वर्षं सांभाळायचं. सैन्य, शेती, वारसदार, शेजारी, सगळं त्याच्याच डोक्यावर. खोलीत कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. लढाया बघायचा तो फौजदार. नद्या-डोंगर काढायची ती नकाशेबाई. आणि कॉम्प्युटरचे राजे खेळणाऱ्याशी तह कधी करतील, मोडतील कधी, रुसतील किती आणि मानतील कशानं, हे ठरवायचे ते तहवाले.

तहवाल्यांचं कुणाशी म्हणून वाकडं नव्हतं. सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्या वहीत लिहिलेले. कुणाचं काम करायचं राहिलं, कुणाला शब्द दिला आणि विसरले, की दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या टेबलावर काहीतरी हजर. पेन, रोपटं, बिस्किटं.

"तहवाल्यांच्या हातात डबा दिसला की समजावं, काल ते कुणाला तरी विसरले," असं फौजदार म्हणायचा आणि पहिलं बिस्किट तोच उचलायचा.

त्या दिवशी डबा सगळ्यांसाठी होता, कारण वेळच तशी आली होती. खेळणाऱ्यांच्या तक्रारींचा ढीग पडला होता. एकानं लिहिलं होतं, "तुमचे राजे विकाऊ आहेत." दुसऱ्यानं लिहिलं होतं, "एकाच राजाशी मी नऊ वेळा तह मोडला. नऊ वेळा घोडे पाठवले. आता तो मला मुलगी द्यायला निघालाय. याला बाप म्हणायचं की काय म्हणायचं?"

तक्रार खरी होती. खेळात प्रत्येक दोन राज्यांमध्ये संबंधांचा एक आकडा असे. तह मोडला की तो चाळीसनं उतरायचा. चांगली भेट पाठवली की पंधरानं चढायचा. आणि दहा वर्षांनी जुनं सगळं आपोआप पुसलं जायचं. हा हिशेब तहवाल्यांनीच बसवला होता आणि त्यात काही चुकीचं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मालक केबिनमधूनच म्हणाले, "तहवाले, दोन महिने देतो. हे सुधारा. नाही जमलं तर तहच काढून टाकू. नुसती लढाई ठेवू."

"माझी काही हरकत नाही," फौजदार तोंडातलं बिस्किट सांभाळत म्हणाला.

तहवाल्यांनी सुधारणा केली. काय केली? भेटींचे प्रकार वाढवले! आधी चार होते, ते सव्वीस केले. घोडे, हत्ती, घड्याळं, गालिचे, औषधी मुळ्या, एक बोलका पोपट. प्रत्येक भेटीबरोबर गोड भाषेतलं एक पत्र. पत्रं त्यांनी स्वतः लिहिली आणि खरंच छान लिहिली.

मग चाचणी. त्यासाठी कधीही असला खेळ न खेळलेली बारा माणसं हवी होती. तहवाल्यांनी आपल्या फोनमधल्या झाडून सगळ्या लोकांना एकच मेसेज पाठवून दिला, की अशी माणसं हवीत, कुणाला सवड असेल तर खालच्या नंबरवर कळवा. चाचणीचे नियम कडक. माणसांना नावं नाहीत, नंबर. चेहरे टिपायचे नाहीत. फक्त स्क्रीन, हात आणि आवाज. खेळताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. आणि खेळ बनवणाऱ्यांनी त्या माणसांना भेटायचं नाही, म्हणून ती मागच्या जिन्यानं येत आणि मागच्याच जिन्यानं जात. त्यांची सगळी व्यवस्था टेस्टिंगची मुलगी बघायची.

बारांतले अकरा खूश होते. एकाला तर पोपट इतका आवडला की त्यानं त्याच्यापायी युद्ध केलं. अडला तो सात नंबर.

सात नंबरनं नदीकाठचं एक लहानसं राज्य घेतलं होतं आणि राजाऐवजी राणी निवडली होती. चौथ्या वर्षी शेजारच्या राजानं मदतीला येण्याचं वचन दिलं आणि तो आला नाही. कॉम्प्युटरच तो; त्यानं लगेच भेटी पाठवायला सुरुवात केली. सात नंबरनं एकूण एक भेट घेतली, दरवेळी 'आभार' हे बटण दाबलं. संबंधांचा आकडा शहाण्णववर गेला. एकोणिसाव्या वर्षी राज्याला वेढा पडला. स्क्रीनच्या कोपऱ्यात मदत मागायचं बटण होतं. ते दाबलं असतं तर शेजारी धावत आला असता; शहाण्णव म्हणजे काय थोडे झाले? पण सात नंबरनं बटण दाबलं नाही. राज्य गेलं.

तहवाल्यांनी नोंद केली: खेळाडूला बटण दिसत नाही. त्यांनी बटण दुप्पट केलं, हिरव्याचं केशरी केलं, शिवाय वेढा पडला की त्यातून घंटी वाजेल अशी सोय केली. पुढच्या आठवड्यात सात नंबरला पुन्हा बसवलं. पुन्हा भेटी, पुन्हा आभार, पुन्हा वेढा. पुन्हा राज्य गेलं. शेवटी अभिप्रायाच्या चौकटीत तीन छोटी वाक्यं होती.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये तहवाल्यांनी ती वाचून दाखवली. नुसती वाचली नाहीत. मान ताठ केली, काल्पनिक पदर सावरला आणि नाकात आवाज काढून म्हणाले, "बटण दिसलं. वाजलंही. मागावंसं वाटलं नाही."

खोली खदखदून हसली. प्रेक्षक हसले की नटाचा पाय जमिनीवर राहत नाही. तहवाल्यांनी दुसऱ्यांदा म्हणून दाखवलं.

"फारच मानी राणीसाहेब दिसतात!" नकाशेबाई म्हणाली.

"मानी कसल्या? चष्मा द्या त्यांना," फौजदार म्हणाला.

मालक डोळे पुसत म्हणाले, "ए, रेकॉर्डिंग लाव गं त्यांचं. बघू तरी दर्शन."

टेस्टिंगच्या मुलीनं प्रोजेक्टर लावला. भिंतीवर आधी नदीकाठचं राज्य दिसलं आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत एक हात. उतारवयाचा, शिरा वर आलेला, नखं बारीक कापलेली. माउस हलवण्याआधी त्या हाताच्या पहिल्या बोटानं टेबलावर दोनदा टकटक केलं. मग आवाज आला, "जोडून देते."

तहवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आत कुणीतरी दिवे घालवले.

तो हात त्यांच्या ताईचा होता. त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी ताई. आई लवकर गेली, तेव्हापासून त्यांचे डबे, वह्या, ताप, परीक्षा, सगळं तिनंच बघितलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर तिनं एकतीस वर्षं काढली. कुणाचा फोन कुठल्या वॉर्डाला जोडायचा हे ठरलं की बोटानं दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, जोडून देते. घरीसुद्धा. आमटी वाढायच्या आधीसुद्धा.

भिंतीवरचा आवाज बोलत होता. "पुन्हा भेट आली. हत्ती. ठेवते बाई, पण बांधू कुठे याला? … मी यायला सांगितलं होतं रे. हत्ती नव्हता मागितला."

लोक पुन्हा हसले. वेढा पडला. केशरी बटण घणघणायला लागलं. रेकॉर्डिंगमध्ये टेस्टिंगच्या मुलीचा आवाज आला, "काकू, मदत मागायचं बटण दिसतंय ना?"

"दिसतंय की गं. ताटाएवढं आहे."

"मग दाबत का नाही?"

हातानं माउस बाजूला सरकवला. "तो नाही म्हणाला तर काही वाटायचं नाही मला. पण हो म्हणाला, तर तटावर उभं राहून वाट बघावी लागेल. ते माझं एकदा करून झालंय."

या वेळी हसू तेवढं जोरात आलं नाही. पण मालक म्हणालेच, "काय नाटकी बाई आहेत! तहवाले, कोण हो या?"

आता पाहा, एवढी सरळ एंट्री समोर होती. 'माझी ताई' एवढे दोन शब्द. पण आत्ताच पदर सावरून नाकात बोललेला माणूस ते दोन शब्द कुठल्या तोंडानं म्हणणार?

"असेल कुणीतरी रिटायर्ड बाई," तहवाले म्हणाले. "अपवाद आहे. धरायला नको. सात नंबर काढून टाकू यातून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. टेस्टिंगच्या मुलीनं यादीतल्या सातवर रेघ मारली.

मीटिंग संपल्यावर तहवाले मागच्या जिन्यावर जाऊन बसले. सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडा, कोपऱ्यात एक उलटी बादली. याच जिन्यानं दोन बुधवार ताई चढून आली असेल, गुडघ्यावर हात ठेवून, दर चार पायऱ्यांना थांबत. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. शाळेत चोरी पकडली गेल्यावर जसं जमिनीकडे बघावंसं वाटतं तसे ते बादलीकडे बघत राहिले.

तट कुठला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आयुष्यात तिनं भावाकडे मागितलेली ती एकच गोष्ट. "चार वाजता ये. माझ्याकडून दोन शब्द बोलायला तेवढा तूच आहेस." येतो, ते म्हणाले. तीनदा म्हणाले. त्या दिवशी खेळाची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. काहीतरी अडलं, आणि घड्याळात बघितलं तेव्हा पावणेसहा झाले होते. त्यांनी फुलांचा मोठा गुच्छ पाठवला. नंतर कधीतरी समारंभाचा फोटो पाहिला. ताई माइकपाशी एकटी, आणि पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची. खुर्चीवर ताईची पर्स, जागा धरून ठेवलेली.

ती एका शब्दानं बोलली नाही. मग त्यांनी घड्याळ पाठवलं. शाल पाठवली. मिक्सर, रेडिओ, पाय शेकायचं यंत्र. प्रत्येक वेळी ताईचा फोन यायचा, "मिळालं रे. कशाला एवढं? छान आहे." तहवाल्यांना वाटायचं, चला, मिटलं. आकडा शहाण्णव!

आणि या दोन वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं. घरातला नळ फुटला तेव्हा तिनं प्लंबर बोलावला. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा टॅक्सी करून एकटी गेली आणि आठ दिवसांनी फोनवर म्हणाली, "झालं रे. आता अगदी स्वच्छ दिसतं." तहवाल्यांनी त्यावर फळांची करंडी पाठवली होती. आज खोलीत तिलाच चष्मा द्यायची भाषा झाली होती आणि ते त्यावर हसले होते.

बुधवारी त्यांनी सव्वीसच्या सव्वीस भेटी पुसल्या. पोपटसुद्धा. दहा वर्षांनी जुनं पुसलं जातं हा नियम काढला. संबंधांचा आकडा स्क्रीनवरून काढून टाकला. मग नवा नियम लिहायला घेतला. ज्यानं वचन मोडलं त्यानं दुसऱ्याच्या दरबारात, सगळ्यांसमोर स्वतः जायचं. रिकाम्या हातानं जायचं. काय ठरलं होतं ते सांगायचं आणि ते मोडलं हे सांगायचं. खाली त्यांनी एक रकाना ठेवला: कारण. त्यात युद्ध, दुष्काळ, आजारपण अशी यादी भरली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती यादी चौदावर गेली. प्रत्येक कारण वाजवी होतं. चौदावं वाचून झाल्यावर त्यांनी तो रकानाच खोडला.

गुरुवारी हे सगळं मालकांपुढे मांडलं.

"आकडा काढलात?" मालक म्हणाले. "मग शेजारी खूश आहे की नाही हे खेळणाऱ्याला कळणार कसं?"

"शेजारी काही मागतो का, यावरून."

"म्हणजे?"

"विश्वास असला की माणूस मागतो. धान्य मागेल, वाट मागेल, मदत मागेल. मागणं बंद झालं की समजायचं."

"अहो, पण ते कळायला वर्षं जातील!"

"जातात," तहवाले म्हणाले.

"आणि दरबारात जाऊन कबूल केलं, तरी समोरच्यानं माफ केलंच नाही तर?"

"तर नाही केलं. तो त्याचा डाव."

मालकांनी पेन्सिल कानामागे खोचली. "हे सगळं त्या एका बाईंवरून काढलंत? त्यांना तर आपण काढून टाकलं होतं ना?"

तहवाले उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती. "सात नंबर माझी ताई आहे," ते म्हणाले. "मंगळवारी आवाजावरून ओळखलं होतं मी. ओळखूनही म्हणालो, असेल कुणीतरी."

नकाशेबाई आपल्या नद्यांकडे बघायला लागली. फौजदारानं हातातलं अर्धं खाल्लेलं बिस्किट हळूच डब्यात परत ठेवलं. मग ते बरं दिसत नाही असं वाटून पुन्हा उचललं आणि खिशात घातलं. मालक म्हणाले, "ठेवा हा नियम. बघू." आणि केबिनचं दार लावायला गेले. ते लागत नाही हे त्यांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तहवाले ताईकडे निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानाशी पाय सवयीनं थांबले. काउंटरवर हात टेकलेसुद्धा. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ?" काही नको म्हणून ते वळले. पुढचा सगळा रस्ता आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. एकदा मागे बांधले, एकदा खिशात घातले.

ताईनं दार उघडलं आणि त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "तू? आणि सामान कुठे आहे?"

"काही नाही आणलं."

"बरा आहेस ना?"

आतली खोली लहान, स्वच्छ. खिडकीशी एक खुर्ची, भिंतीला कपाट. कपाटावर खोक्यांची चळत. मिक्सरचं, रेडिओचं, पाय शेकायच्या यंत्राचं. चिकटपट्ट्याही न काढलेली. ताईनं चहा टाकला. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सात नंबर तू होतीस."

"होते की. मेसेज तूच पाठवलास ना? कधी खेळ न खेळलेली माणसं हवीत म्हणून. माझ्याहून अडाणी कोण मिळणार होतं तुला?"

"मला सांगायचं नाहीस का?"

"ओळख सांगायची नाही म्हणाले. मी एकतीस वर्षं बोर्डावर काढली आहेत, नियम मोडत नाही मी." तिनं चहा गाळला. "शिवाय मला बघायचंच होतं एकदा. त्या दिवशी तू ज्याच्यासाठी थांबलास, ते असतं तरी काय. छान आहे रे. नद्या तर फार सुंदर काढल्यात."

तहवाल्यांनी कप घेतला आणि तसाच धरून ठेवला. "ताई, मी तू लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं. आवाज काढून. सगळे हसले. मीही हसलो."

"माझा आवाज काढलास? जमला का?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं तू आहेस. पण मग रेकॉर्डिंग लागलं, मी ओळखलं तुला. कोण म्हणून विचारलं त्यांनी, तर म्हणालो, असेल कुणीतरी रिटायर्ड बाई."

ताईनं बसल्या बसल्या चहाचा घोट घेतला. "रिटायर्ड तर आहेच मी," ती म्हणाली आणि कप ठेवून उठली. "थांब, तुला द्यायला बिस्किटं आहेत, वर ठेवली आहेत." तिनं कपाटाशी स्टूल ओढलं.

"मी काढतो ना."

"राहू दे. होतं माझं."

ती स्टुलावर चढली. तिनं सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी खाली वाकून स्टूल दोन्ही हातांनी धरलं. समोर तिची पावलं होती, टाचांना भेगा पडलेल्या. त्यांच्या तोंडाशी सगळं आलं होतं. त्या दिवशी आवृत्ती अडली होती, मालक डोक्यावर बसले होते, फोन दुसऱ्या खोलीत राहिला होता. सगळं खरं होतं. वर ताई खोकी सरकवत होती आणि डबा काही तिच्या हाताला लागत नव्हता.

स्टूल न सोडता, वर न बघता ते म्हणाले, "चार वाजता यायचं होतं, ताई. येतो म्हणालो होतो. आलो नाही."